समोरची काच टिचलीय, क्लेम टाकू की खिशातनं घालू?

गंगावेस_वाला:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मागच्या रविवारी कराडला पाहुण्यांकडं जाऊन परत कोल्हापूरला येत होतो, किणीचा टोल सोडला आणि वाठारच्या अलीकडं पुढं एक खडीचा डंपर, वर ताडपत्री नाही काय नाही, सहापदरीचं काम चालू आहे त्यामुळं ह्यांची रांगच असते तिकडं. ओव्हरटेक करावं म्हणून जरा जवळ गेलो तर टक्क करून आवाज आला. बायको म्हणाली काय वाजलं, बघतोय तर तिच्या बाजूला वायपरच्या वर काचेवर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान पांढरा चट्टा. म्हटलं जाऊ दे, एवढ्याशानं काय होतंय. सोमवारी गाडी दिवसभर उन्हात होती, चारला काढली आणि एसी फुल करून वारा काचेवर सोडला. दसरा चौकात सिग्नलला उभा होतो तर माझ्या डोळ्यांदेखत त्या चट्ट्यातनं एक रेघ निघाली आणि सरसर वर चालत गेली. आवाजसुद्धा नाही. आता दीड वीत झालीय आणि वळून माझ्या बाजूला यायला लागलीय.

गाडी जानेवारी २०२२ ची, पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी. पॉलिसी फुल आहे, झिरो डेप (भाग जुना म्हणून पैसे न कापणारं ॲड-ऑन) घेतलंय, आजपर्यंत एकपण क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल रिन्यूअलला मिळणारी सूट) सध्या ३५ टक्के. रिन्यूअल २० जानेवारीला आहे म्हणजे महिनाच राहिला. शोरूममध्ये एस्टिमेट काढलं तर ११,८०० सांगितले, तो पोरगा म्हणतोय की सर झिरो डेप आहे, क्लेम टाका, तुम्हाला फक्त हजार रुपये भरायचे. मेहुणा म्हणतोय येडा आहेस काय, उद्यमनगरात साडेसहा हजारात बसवून मिळतीय. पण मी म्हणतो चार वर्षं प्रीमियम भरतोय तो काय देवाला वाहतोय काय? कधी वापरायचा मग? कुणी हे केलं असेल तर सांगा.

नाद_खुळा_०९:
टाक की क्लेम भावा, विचार कसला करालायस. इन्शुरन्स त्यासाठीच असतंय. आणि टाकतोयस तर बंपर, दारं कुठं घासलं असेल तेपण त्याच क्लेममध्ये घाल, शोरूमवाल्याला सांग तो बसवतोय सगळं. मी तर दरवर्षी रिन्यूअलच्या आधी एक क्लेम टाकतोच, गाडी नवी करून घेतो, फुकटात.

निवृत्त_सर्व्हेअर:
वरचा सल्ला कृपया घेऊ नका. तीस वर्षं क्लेमसाठी मोटारींच्या नुकसानीचे सर्व्हे केलेत. डंपरचा खडा काचेला लागला आणि त्याच खड्यानं मागच्या दाराला ओरखडा पडला, अशी गोष्ट फॉर्मवर लिहिणारे रोज भेटायचे. ओरखड्यात बसलेली धूळ आणि गंज बघितला की जुनं नवं कळतं, त्याला काही मोठी विद्या लागत नाही. खोटं लिहिलेलं सापडलं तर काचेचा खरा क्लेमसुद्धा हातचा जातो. एक घटना, एक क्लेम, एवढं साधं आहे.

आता प्रश्नकर्त्यासाठी. शोरूमच्या मुलानं झिरो डेपचं नाव घेतलं, पण काचेच्या बाबतीत झिरो डेप असलं काय, नसलं काय, काही फरक पडत नाही. साध्या पॅकेज, म्हणजे फुल, पॉलिसीतही काचेवर घसारा (भाग जुना म्हणून होणारी कपात) शून्यच धरतात. घसारा लागतो तो रबर, प्लास्टिक, नायलॉन, बॅटरी, टायर यांना, ५० टक्के, आणि धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. त्यामुळे काच बदलताना झिरो डेपचा उपयोग झाला तर तो काचेभोवतीच्या बिडिंगपुरता (रबरी पट्टीपुरता), म्हणजे दोन-चारशे रुपयांचा. काच चिकटवायचं सीलंट आणि प्रायमर हे बऱ्याच कंपन्या कन्झ्युमेबल (एकदा वापरून संपणारा माल) म्हणून कापतात, त्याचं वेगळं ॲड-ऑन असेल तरच देतात. त्यावर सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही भरायची रक्कम), १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्याच्या वर २,०००. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही स्वतःहून व्हॉलंटरी वजावट घेतली असेल तर तीपण यात वाढते, ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर बघा, ऑनलाइन पॉलिसी काढताना पुष्कळ जण न बघता टिक करतात.

म्हणजे ११,८०० च्या बिलात तुमच्या खिशातून धरून चाला सोळाशे रुपये जातील, हजार नव्हे. एफआयआर वगैरे लागत नाही. फोटो काढून ठेवा, कंपनीला लगेच कळवा, आणि कंपनीनं बघितल्याशिवाय काच काढू नका. आधी बदलून मग बिल घेऊन येणारे लोक फार, त्यांचं काही करता येत नाही. क्लेम करावा की नाही हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तो एनसीबीचा आहे.

गंगावेस_वाला:
धन्यवाद काका. व्हॉलंटरी शून्य आहे, आत्ताच बघितलं. एनसीबी जाणार हे माहीत आहे पण ३५ टक्के म्हणजे किती जातील असे, मागच्या वर्षी डिस्काउंट दोन-अडीच हजारच दिसत होतं. दहा हजार मिळत असतील तर अडीच हजार गेले तर गेले ना?

पावती_जपणारी:
दादा इथंच सगळे फसतात. मी टॅक्सच्या ऑफिसात काम करते म्हणून आकड्यांची सवय आहे, तुमचं मांडून बघूया. तुमचे ३५ टक्के जाणार नाहीत, जाणार आहेत ४५ टक्के, कारण क्लेम नाही केला तर २० जानेवारीला तुम्ही ४५ वर चढणार. एनसीबीची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी आहे, क्लेम झाला की थेट शून्यावर, आणि परत एकेक वर्षानं चढायचं. म्हणजे नुकसान एका वर्षाचं नाही, पाच रिन्यूअलचं आहे.

समजा तुमचा ओडी प्रीमियम (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) एनसीबी कापायच्या आधी ८,००० आहे (थर्ड पार्टीचा भाग सोडून द्या, त्यावर एनसीबी नसतोच) आणि गाडी जुनी होईल तसा तो दरवर्षी पाचशेनं उतरत गेला. या जानेवारीत ४५ ऐवजी ०, गेले ३,६००. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, साडेसात हजारावर ३० टक्के म्हणजे २,२५०. मग ५० ऐवजी २५, गेले १,७५०. मग ५० ऐवजी ३५, गेले ९७५. शेवटी ५० ऐवजी ४५, तीनशे. बेरीज ८,८७५ आणि ह्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, तो हेल्थ इन्शुरन्सचा माफ झालाय, गाडीचा नाही. झाले १०,४७० च्या आसपास. काकांच्या हिशेबानं क्लेममधून तुम्हाला मिळणार १०,२००. म्हणजे कंपनीकडनं दहा घ्यायचे आणि पाच वर्षांत साडेदहा परत करायचे, वर शोरूमचे चार हेलपाटे. आणि बाहेर साडेसहात काम होत असेल तर विषयच संपला.

तुमच्या पॉलिसीतला ओडीचा खरा आकडा घालून परत करून बघा, माझा ८,००० अंदाजानं घेतलाय. आणि एनसीबी प्रोटेक्ट नावाचं, क्लेम केला तरी एनसीबी राखणारं ॲड-ऑन घेतलंय का तेपण बघा. ते असेल तर हे सगळं गणित उलटं होतं, मग डोळे झाकून क्लेम करा.

नाद_खुळा_०९:
एवढं गणित बारावीला केलं असतं तर इंजिनिअर झालो असतो ताई 😂 पण खरं सांगू काय, माझा एनसीबी कायम शून्यच असतोय, आत्ता कळलं का ते.

पावती_जपणारी:
😄 दादा तुमचं "फुकटात" दरवर्षी किती पडतंय ते एकदा काढून देते, पॉलिसी पाठवा.

शाहूपुरी_एक्सप्रेस:
एक मुद्दा राहिला. मागच्या वर्षी पावसात आंबा घाटात माझ्या गाडीला टेम्पोनं पुढनं घासलं, बंपर हेडलाइट मिळून ३० हजारांचा क्लेम केला. तीन महिन्यांनी काच फुटली. मी काच बाहेरनं बदलली, कारण दुसरा क्लेम टाकला तर अजून नुकसान होईल असं वाटलं. नंतर कळलं की एनसीबी पहिल्याच क्लेमला शून्य झालेला, एकदा शून्य झाल्यावर त्याच वर्षात दुसरा टाकला तरी शून्याच्या खाली काय जातंय? आठ हजार उगंच घातले. तेव्हा ज्यांचा यंदा एक क्लेम झालाय त्यांनी काचेचा बिनधास्त करा, फक्त झिरो डेपला काही कंपन्या वर्षाला दोनच क्लेम देतात तेवढं बघा. काचेला ते लागत नाही पण पुढं काही मोठं झालं तर लागेल.

उद्यमनगर_काचवाला:
राम राम. आमचं कामच हे, म्हणून बोलतो, गिऱ्हाईक ओढायला नाही, कुठंपण बसवा.

पहिल्यांदा ही चूक झाली की रविवारी चट्टा होता तेव्हाच यायला पाहिजे होतं. पुढची काच लॅमिनेटेड असतीय, दोन काचा आणि मधी प्लास्टिकचा पडदा. खडा लागला की बाहेरचीच काच फुटती, आतनं नख फिरवून बघा, गुळगुळीत लागतंय. रुपयापेक्षा लहान चट्टा असेल, रेघ सुटलेली नसेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर त्यात रेझिन भरून देतात, शेकड्यांत काम होतंय हजारांत नाही, आणि क्लेमचं नावच निघत नाही. तोवर चट्ट्यावर नुसती चिकटपट्टी लावायची, आत धूळ पाणी गेलं नाही पाहिजे. नेलपॉलिश टूथपेस्ट असलं काय भरू नका, मग रेझिन धरत नाही. आणि तापलेल्या काचेवर गार एसी सोडला म्हणजे तुम्हीच ती रेघ ओढली म्हणा की. आता दीड वीत झालीय, आता बदलायलाच लागती. बाजूच्या आणि मागच्या काचेला हे काय होत नाही, ती टफन असतीय, फुटली की साबुदाण्यासारखी खाली.

आता शोरूम का बाहेर. काच बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, तुमच्या गाडीला कंपनीतनं जी आलीय तिच्या कोपऱ्यात छापलेलं बघा, सेंट गोबेन सेक्युरिट असेल नाहीतर एआयएस, आयएसआयचा शिक्का असेल. बाहेर तीच मेकची काच मिळती, फक्त गाडीच्या कंपनीचा लोगो नसतोय. पण शिक्का बघूनच घ्या. बिनशिक्क्याची चार हजारातली काच रात्री समोरच्या गाडीची लाइट पडली की लहरी मारती, डोकं उठतंय. आणि काचेपेक्षा बसवणारा बघा. सीलंट कुठलं वापरतोय विचारा, प्रायमर मारतोय का बघा. नुसतं बिडिंग दाबून सिलिकॉन मारून देणारे पण आहेत.

गाडीला आरशामागं कॅमेरा असला, ते लेन बिन सांगणारं एडीएएस, तर मात्र आमच्याकडं येऊ नका. काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करायला लागतंय, ते शोरूमलाच होतंय, बिल पण तसंच येतंय. तसल्या गाडीला क्लेम बरा.

राजारामपुरी_ते_टॅम्पा:
गंमत वाटली वाचून. मी इथं फ्लोरिडात असतो. इथं कायदाच आहे, कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर असेल तर पुढच्या काचेला डिडक्टिबल, म्हणजे आपली वजावट, लागत नाही, केंटकी आणि साऊथ कॅरोलायनातपण तसंच. त्यामुळं इथं कुणी गणितच करत नाही, खडा लागला की फोन. पण त्याचा परिणाम बघा, काचवाले पार्किंगमध्ये, कार वॉशवर गाठायचे, साहेब काच बदला आम्ही गिफ्ट कार्ड देतो, क्लेमचे हक्क आमच्या नावावर करा बाकी आम्ही बघतो, आणि मग इन्शुरन्स कंपनीवर भरमसाट बिलं लावून कोर्टात जायचे. शेवटी २०२३ ला कायदा करून ते हक्क लिहून घेणं आणि गिफ्टं देणं बंद केलं. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत ५०० डॉलर डिडक्टिबल असतं आणि साधी काच त्याच्या आतच बसते, म्हणजे तिथं क्लेम करून हातात शून्य. आपल्या एनसीबीसारखी ठरलेली शिडी इथं नाही, त्यामुळं तुमचं गणित माझ्या रूममेटला समजावताना दमलो.

गंगावेस_वाला:
ताई, पॉलिसी काढून बघितली, ओडी ७,९४० आहे एनसीबीच्या आधी, म्हणजे तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर. एनसीबी प्रोटेक्ट नाही. अजून एक सांगायचं राहिलं, पाडव्याला ही गाडी देऊन मोठी घ्यायचा विचार चाललाय घरात. मग एनसीबी तसापण जाणारच की गाडीबरोबर? तसं असेल तर क्लेम टाकूनच घेतो, पाच वर्षं कुठं ठेवतोय मी ही गाडी.

पावती_जपणारी:
अहो दादा हे आधी सांगायचं! एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना तो घेणाऱ्याला जात नाही, तुमच्याकडंच राहतो. कंपनीकडनं एनसीबीचं पत्र घ्यायचं आणि नवीन गाडीच्या पॉलिसीला लावायचं, तीन वर्षांपर्यंत चालतं. आता बघा, मोठ्या गाडीचा ओडी समजा २४,००० आला, त्यावर तुमचे ४५ टक्के म्हणजे १०,८०० आणि त्यावरचा जीएसटी धरून पावणेतेरा हजार पहिल्याच वर्षी वाचतात. जानेवारीच्या रिन्यूअलला वाचलेले सव्वाचार वेगळेच. दहा हजारांच्या काचेसाठी सतरा हजार सोडणार काय?

आणि शोरूमवाला नवीन गाडी देताना पॉलिसीपण तिथंच चिकटवेल, तेव्हा पत्र पुढं करा. आपणहून कुणी विचारत नाही.

नाद_खुळा_०९:
मग एक आयडिया. जानेवारीत ४५ टक्के घेऊन रिन्यू कर, मग फेब्रुवारीत म्हण की आत्ता खडा लागला. काच पण फुकट, रिन्यूअलला एनसीबी पण. विषय हार्ड.

निवृत्त_सर्व्हेअर:
हे करू नका. नुकसान ज्या दिवशी झालं त्या दिवशीच्या पॉलिसीत ते बसतं. तारीख बदलणं म्हणजे सरळ खोटा क्लेम. शिवाय तुम्ही इथं रविवार, किणी, वाठार सगळं लिहून बसलाय. आणि नवीन वर्षात क्लेम मिळाला तरी पाडव्याला गाडी घेताना एनसीबीचं पत्र शून्याचंच येईल, मग मिळवलं काय? दुसरी गोष्ट, २० तारीख चुकवू नका. पॉलिसी लॅप्स झाली तर कंपनी आधी गाडी तपासते, टिचलेली काच फोटोत आली की ती काच वगळून पॉलिसी देतात किंवा आधी बदला म्हणतात, आणि ९० दिवसांच्या वर गेलं तर एनसीबी क्लेम न करताच गेला.

गंगावेस_वाला:
अपडेट. कालच बदलली, बाहेरनं, एआयएसची शिक्क्याची काच, सीलंट मजुरी धरून ६,८००. क्लेम टाकला नाही. शोरूमच्या पोराला फोन करून सांगितलं तर म्हणाला सर तुमची मर्जी, आवाजच पडला त्याचा.

काम बघत बसलो होतो दोन तास. जुन्या काचेच्या कडेनं बारीक तार आत घालून दोघंजण इकडून तिकडून करवतीसारखी ओढत होते, काळं सीलंट चपलेच्या रबरासारखं कापत निघालं. काच उचलली तर डॅशबोर्डच्या फटीतनं बायकोची हरवलेली चांदीची जोडवी निघाली, एक तरी वसूल झालं. नवीन काचेला कडेनं प्रायमर, मग सीलंटचा जाड दोरा, दोन रबरी चोषक लावून अलगद बसवली, वर कागदी पट्ट्या. म्हणाले उद्यापर्यंत पट्ट्या काढू नका, गाडी धुऊ नका, बाजूची काच बोटभर खाली ठेवा आणि दार जोरात आपटू नका, आतल्या हवेच्या दाबानं सीलंट सरकतंय.

एकच घोळ, फास्टॅग. तो जुन्या काचेवर होता, ओढून काढायला गेलो तर दोन तुकडे. आता काय करायचं? परवा निपाणीला जायचंय, कोगनोळीला टोल आहे.

शाहूपुरी_एक्सप्रेस:
फास्टॅग काढला की चालतच नाही, तसाच बनवलेला असतो तो. ज्या बँकेचा आहे त्यांच्याच ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला रिप्लेसमेंट मागा, कारण विचारलं तर विंडशील्ड बदलली म्हणून सांगा. शंभरच्या आसपास घेतात. बॅलन्स तसाच राहतो, तो खात्यावर असतो, चिठ्ठीवर नाही. घाईघाईत टोलवरच्या पोराकडनं दुसऱ्या बँकेचा घेऊ नका, एका गाडीला एकच टॅग चालतो, जुना बंद पडतो आणि त्यातले पैसे काढायला मग फोनाफोनी. परवापर्यंत आला नाही तर कोगनोळीला यूपीआयनं द्या, सव्वापट घेतात, १५ नोव्हेंबर २०२५ पासून तसा नियम झालाय. त्या नियमात रोखीला दुप्पट ठेवलेली.

उद्यमनगर_काचवाला:
पट्ट्या काढल्यावर एकदा बाहेरनं बारीक पाण्याची धार वरच्या कडेला पाच मिनिटं सोडा, आत छताचं कापड हातानं चाचपा. ओलं लागलं तर लगेच परत न्या, आठवड्यानं नाही. आणि ऐंशीच्या वर शिट्टी वाजली तर बिडिंग नीट बसलं नाही असं समजा, पैसे न घेता करून देतोय तो, द्यायलाच पाहिजे.

गंगावेस_वाला:
पाणी मारलं, कोरडं आहे. शिट्टीचं निपाणीला जाऊन आल्यावर सांगतो. डंपर दिसला की आता शंभर फूट मागंच राहतोय, बायको मोजतीय.